विश्लेषण : ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा जनक टॉम विल्स मृत्यूनंतर १४० वर्षांनीही वादात का?

डिसेंबर २०२० मध्ये अॅडलेडला अवघ्या ३६ धावांत गारद झालेल्या भारतीय संघाने पुढच्याच ‘बॉक्सिंग डे’ कसोटीत मेलबर्नला ऑस्ट्रेलियाला आठ गडी राखून हरवले. ११२ धावांची खेळी करणारा मुंबईकर अजिंक्य रहाणे सामनावीर ठरला आणि त्याला मिळालेल्या पदकाचे नाव अनेकांनी प्रथमच ऐकले. जॉनी मुलाघ पदक. मुलाघ हा १८६८ मध्ये इंग्लंडचा दौरा करणाऱ्या ऑस्ट्रेलियन मूलनिवासी संघाचा सर्वोत्तम खेळाडू. या खेळाडूंना त्याआधी दोन वर्षे, १८६६ च्या बॉक्सिंग डेला, याच मैदानावर उतरवणारा कर्णधार आणि प्रशिक्षक मात्र गोरा होता. टॉम विल्स हे त्याचे नाव. क्रिकेटच्या इतिहासात त्याला तळटीपेएवढी जागा मिळते, पण ऑस्ट्रेलियातील सर्वाधिक लोकप्रिय खेळाच्या, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या इतिहासाची सुरुवात त्याच्यापासून होते. ज्या मूलनिवासींच्या मुलांत तो वाढला, ज्यांच्या हातून त्याचे वडील मारले गेले आणि ज्यांना त्याने नंतर क्रिकेट शिकवले, त्यांच्याशी त्याचे नेमके नाते काय होते, यावर ऑस्ट्रेलियात आजही एकमत नाही.

कैद्याचा नातू, जमीनदाराचा मुलगा

टॉमचे आजोबा एडवर्ड विल्स यांना इंग्लंडमध्ये वाटमारीच्या गुन्ह्यासाठी फाशीची शिक्षा झाली होती. ती सौम्य करून १७९९ मध्ये त्यांना जहाजात घालून न्यू साऊथ वेल्सला पाठवण्यात आले. तिथे त्यांनी व्यापारात पैसा केला. त्यांच्या मृत्यूनंतर जन्मलेला मुलगा होरेशिओ आधी मुद्रक, मग वृत्तपत्राचा संपादक आणि शेवटी मेंढ्यांचा मोठा मालक झाला. वसाहतीत जन्मलेल्यांना तेव्हा ‘करन्सी लॅड’ म्हणत. होरेशिओ यांनी याच नावाचे वृत्तपत्र काढून या मातीतल्या मुलांची बाजू मांडली. थोरल्या मुलाचे नाव त्यांनी वसाहतीतील राजकीय नेते विल्यम चार्ल्स वेंटवर्थ यांच्यावरून थॉमस वेंटवर्थ ठेवले. टॉमचा जन्म १९ ऑगस्ट १८३५ चा.

टॉम पाच वर्षांचा असताना कुटुंब मेंढ्या हाकत दक्षिणेला, आजच्या व्हिक्टोरिया राज्याच्या पश्चिम भागात आले. ग्रॅम्पियन्स डोंगरांच्या पायथ्याशी त्यांनी ठाण मांडले. ही जमीन जाब वुरुंग लोकांची होती. गोऱ्या पशुपालकांनी ती बळकावली, त्यातून चकमकी झाल्या, माणसे मेली. होरेशिओही या संघर्षापासून अलिप्त नव्हते. त्यांच्या मुलाला मात्र आसपास समवयस्क गोरी मुले फारशी नव्हती. तो जाब वुरुंग मुलांबरोबर खेळला, त्यांची भाषा बोलू लागला, त्यांची गाणी आणि नाच शिकला. हे बालपण त्याच्या चरित्रातील सर्वात महत्त्वाचे प्रकरण की रम्य पार्श्वभूमी, हाच पुढच्या वादाचा गाभा आहे.

रग्बी शाळेने काय दिले?

वयाच्या चौदाव्या वर्षी वडिलांनी टॉमला इंग्लंडला पाठवले, तेही थेट रग्बी शाळेत. मुलाने केंब्रिजला जावे आणि वकील होऊन परतावे, अशी कैद्याच्या मुलाची महत्त्वाकांक्षा होती. मुलाचा कल वेगळाच निघाला. अभ्यासात तो यथातथाच राहिला, क्रिकेट संघाचा मात्र कर्णधार झाला आणि शाळेच्या धसमुसळ्या फुटबॉलमध्येही त्याने नाव कमावले. नडगीवर लाथा घालणे हा त्या खेळाचा रीतसर भाग होता आणि त्यासाठी हॅकिंग असा शब्दही होता. शाळा सुटल्यावर तो केंट आणि लंडनच्या एमसीसीकडून खेळला. १८५६ मध्ये लॉर्ड्सवर ऑक्सफर्डविरुद्ध तो केंब्रिजकडूनही उतरला. केंब्रिजला त्याचे शिक्षण असे काही झालेच नव्हते. नियम इतरांसाठी असतात, हा त्याचा स्वभाव तिथपासूनच दिसतो.

डिसेंबर १८५६ मध्ये तो मेलबर्नला परतला तेव्हा शहर सोन्याच्या खाणींमुळे ओळखू येऊ नये इतके बदलले होते. नव्या श्रीमंत वसाहतीला नायक हवा होता. जानेवारी १८५८ मध्ये विल्सच्या नेतृत्वाखाली व्हिक्टोरियाने न्यू साऊथ वेल्सवर पहिला विजय मिळवला आणि तो नायक सापडला. वकिली बाजूला पडली. मेलबर्न क्रिकेट क्लबचा सचिव म्हणून त्याने केलेले काम मात्र न आठवलेलेच बरे. दप्तराचा पुरता गोंधळ करून तो थोड्याच काळात प्रतिस्पर्धी रिचमंड क्लबकडे निघून गेला.

हिवाळ्यात क्रिकेटपटूंनी करायचे काय?

ऑस्ट्रेलियात जून ते ऑगस्ट हा हिवाळा. क्रिकेट बंद. १० जुलै १८५८ रोजी मेलबर्नच्या बेल्स लाइफ इन व्हिक्टोरिया या क्रीडापत्रात विल्सचे एक पत्र छापून आले. क्रिकेटपटूंनी हिवाळ्यात सुस्तावून न जाता फुटबॉलचा क्लब काढावा आणि नियम ठरवण्यासाठी समिती नेमावी, असे त्याने सुचवले. ते जमत नसेल तर निदान नेमबाजीचा क्लब तरी काढावा, अशी पुस्तीही जोडली. फुटबॉलचे वेगवेगळे प्रकार मेलबर्नमध्ये त्याआधीही अधूनमधून खेळले जात होते. पण क्लब हवा, लिखित नियम हवेत, ही मागणी तोवर एवढ्या प्रसिद्ध माणसाने केली नव्हती. म्हणूनच या पत्राला ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा जन्मदाखला मानण्याची प्रथा पडली.

महिन्याभरात, ७ ऑगस्टला, स्कॉच कॉलेज आणि मेलबर्न ग्रामर या दोन शाळांमध्ये आज मेलबर्न क्रिकेट मैदान ज्या परिसरात आहे त्या रिचमंड पॅडॉकमध्ये सामना झाला. प्रत्येक बाजूला ४० खेळाडू, दोन गोलांमधील अंतर सुमारे अर्धा मैल आणि मैदानात मधेमधे झाडे. पंच दोन. एक विल्स आणि दुसरे रसायनशास्त्रज्ञ डॉ. जॉन मॅकॅडम. हल्ली आपल्याकडच्या सुकामेव्याच्या दुकानांतही दिसणाऱ्या मॅकॅडेमियाचे नाव याच मॅकॅडम यांच्यावरून पडले. सामना अंधार पडेपर्यंत चालला, तरी निकाल लागेना. मग तो आणखी दोन शनिवारी, २१ ऑगस्ट आणि ४ सप्टेंबरला, पुढे चालू ठेवण्यात आला आणि अखेर एक-एक अशा बरोबरीत सोडून देण्यात आला. या दोन शाळा आजही दरवर्षी एकमेकींशी फुटबॉल खेळतात.

दहा नियम कसे ठरले?

मे १८५९ मध्ये मेलबर्न फुटबॉल क्लब स्थापन झाला आणि १७ मे रोजी परेड हॉटेलात नियमांसाठी बैठक बसली. विल्ससोबत विल्यम हॅमर्सली आणि जे. बी. थॉम्पसन हे केंब्रिजचे माजी विद्यार्थी व पत्रकार आणि थॉमस स्मिथ हे डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातून आलेले शिक्षक होते. चौघेही क्रिकेटशी संबंधित. त्यांनी रग्बी, ईटन, हॅरो आणि विंचेस्टर या शाळांचे नियम समोर ठेवले. विल्सचा ओढा अर्थातच रग्बीकडे होता, पण ते नियम इतरांना किचकट वाटले. शिवाय इंग्लंडच्या ओल्या हिरवळीवर लाथा खाऊन पडणे वेगळे आणि मेलबर्नच्या टणक जमिनीवर पडणे वेगळे. तिथे खेळणारे शाळकरी नव्हते, सोमवारी कामावर जाणारी पोटार्थी माणसे होती. हॅकिंग बाद झाले.

तयार झालेले नियम फक्त दहा. पायाने मारलेला चेंडू थेट झेलणाऱ्याने ‘मार्क’ असे ओरडले की त्याला निर्वेध किक मिळणार. चेंडू जमिनीवरून उचलायचा नाही, उसळताना पकडता येईल. फेकायचा तर मुळीच नाही. आणि जे नियमांत नव्हते तेच सर्वात परिणामकारक ठरले. ऑफसाइडचा नियम नव्हता. त्यामुळे खेळाडू चेंडूच्या मागे घोळका करण्याऐवजी मैदानभर पसरू शकत होते आणि हे ओळखून आपले खेळाडू मोक्याच्या जागी उभे करणाऱ्या पहिल्या कर्णधारांत विल्सच होता. लंबगोल चेंडूचा आग्रहही त्याचाच. आजच्या खेळात उंच झेप घेऊन टिपलेला झेल आणि लांबवर मारलेली किक यांवर प्रेक्षक फिदा असतात. त्याची बीजे या दहा ओळींत सापडतात.

काळाच्या दृष्टीनेही ही नियमावली लक्षणीय आहे. लंडनमध्ये फुटबॉल असोसिएशनची स्थापना १८६३ ची आणि रग्बी युनियनची १८७१ ची. म्हणजे आज जगभर खेळल्या जाणाऱ्या फुटबॉलची संघटना अस्तित्वात येण्याआधी चार वर्षे मेलबर्नने आपला खेळ कागदावर उतरवला होता. तो हस्तलिखित कागद मेलबर्न क्रिकेट क्लबने जपून ठेवला आहे. त्यावरील समितीच्या नावांत पहिले नाव विल्सचे.

कलिन-ला-रिंगोला काय घडले?

खेळ रुजत असतानाच विल्स मेलबर्नमधून बाहेर पडला. होरेशिओ यांनी क्वीन्सलंडच्या मध्य भागात, मेलबर्नपासून हजार मैलांहून दूर, कलिन-ला-रिंगो नावाचे अफाट कुरण भाडेपट्ट्याने घेतले होते. १८६१ मध्ये टॉम वडिलांसोबत निघाला. बैलगाड्या, नोकर, त्यांची बायकामुले आणि सुमारे दहा हजार मेंढ्या असा हा आठ महिन्यांचा प्रवास ऑक्टोबरच्या सुरुवातीला संपला. ही भूमी गायिरी लोकांची होती. मूलनिवासींशी कसे वागावे हे आपल्याला कळते, असा होरेशिओ यांचा विश्वास होता. तळावरची शस्त्रेही हाताशी ठेवलेली नव्हती.

१७ ऑक्टोबर १८६१ च्या दुपारी गायिरींनी तळावर हल्ला केला. होरेशिओ यांच्यासह १९ जण मारले गेले. त्यांत स्त्रिया आणि लहान मुलेही होती. मूलनिवासींच्या हातून एकाच वेळी इतके गोरे मारले जाण्याची ऑस्ट्रेलियाच्या इतिहासातील ही सर्वात मोठी घटना. टॉम सामान आणण्यासाठी दूर गेला होता म्हणून वाचला. परतल्यावर त्याने पाहिले ते तळाचे अवशेष आणि वडिलांची कबर.

हल्ला का झाला, याचे उत्तर शेजारी सापडते. त्याआधी जवळच्या एका कुरणावर मेंढ्या चोरल्याच्या संशयावरून गायिरींवर गोळीबार झाला होता. गायिरींनी सूड घेतला तो नुकत्याच आलेल्या कुटुंबावर. गोऱ्यांच्या दृष्टीने असा हिशेब बरोबरीत सुटणारा नव्हता. नेटिव्ह पोलीस आणि आसपासच्या पशुपालकांनी पुढचे अनेक आठवडे दिसेल त्या टोळीची शिकार केली. त्यात मारले गेलेल्यांची संख्या तीनशेच्या पुढे असावी, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. १९ मृतांची नोंद नावानिशी झाली. या शेकड्यांची झाली नाही. टॉमने त्या काळात लिहिलेल्या पत्रांत सूडाची भाषा उघड आहे.

काही वर्षे तो तिथेच कुरण सांभाळत राहिला. झोप उडाली, दारू वाढली, हिशेबांचा घोळ झाला. त्याचे चरित्रकार ग्रेग डी मूर हे स्वतः मानसोपचारतज्ज्ञ आहेत. विल्सच्या या काळातील लक्षणांत त्यांना जबर मानसिक आघाताच्या खुणा दिसतात. १८६४ मध्ये तो व्हिक्टोरियाला परतला आणि जिलाँग क्लबकडून पुन्हा फुटबॉल खेळू लागला.

मूलनिवासी संघाचा प्रशिक्षक?

वडिलांच्या हत्येनंतर पाच वर्षेही झाली नव्हती. १८६६ मध्ये व्हिक्टोरियाच्या पश्चिम भागातील एडनहोप येथे मेंढपाळांच्या कुरणांवर काम करणाऱ्या मूलनिवासी तरुणांचा क्रिकेट संघ उभा राहिला होता. त्यांना मेलबर्नला खेळवण्यासाठी प्रशिक्षक म्हणून बोलावणे गेले ते टॉम विल्सला. तो आला. त्याने होकार का दिला, हे त्याने कुठे लिहून ठेवलेले नाही. पैशांची गरज होती हे खरे. हा प्रदेश त्याच्या बालपणीच्या घराच्या आसपासचाच आणि इथल्या लोकांशी त्यांच्या भाषेत बोलू शकणारा गोरा क्रिकेटपटू दुसरा नव्हता, हेही तितकेच खरे.

२६ डिसेंबर १८६६ रोजी मेलबर्न क्रिकेट मैदानावर मूलनिवासी संघ मेलबर्न क्रिकेट क्लबशी खेळला, तेव्हा सुमारे दहा हजार प्रेक्षक लोटले. संघ नऊ गडी राखून हरला, पण मुलाघची फलंदाजी पाहून शहर थक्क झाले. विल्सला काहींनी दाद दिली, काहींनी वडिलांच्या मारेकऱ्यांच्या जातभाईंत मिसळतो म्हणून नावे ठेवली. त्यानंतरच्या सिडनी दौऱ्याचा मात्र प्रवर्तकाच्या लबाडीमुळे बोजवारा उडाला. पैसे संपले आणि आजार व दारूमुळे काही खेळाडू दगावले. दारूच्या बाबतीत त्यांच्यापुढे विल्सचा आदर्श चांगला नव्हता, हे सांगायला हवे.

१८६८ मध्ये हाच संघ नव्या खेळाडूंसह इंग्लंडला गेला, तेव्हा नेतृत्व चार्ल्स लॉरेन्सकडे होते. विल्सला वगळण्यात आले होते. त्या दौऱ्यात संघ ४७ सामने खेळला. १४ जिंकले, १४ हरले, १९ अनिर्णीत. मुलाघने १६९८ धावा काढल्या आणि २४५ बळी घेतले. इंग्लंडचा दौरा करणारा हा ऑस्ट्रेलियाचा पहिला क्रिकेट संघ. लगेच १८६९ मध्ये व्हिक्टोरियाने मूलनिवासींनी कुठे राहायचे आणि कुठे काम करायचे यावर सरकारी नियंत्रण आणणारा कायदा केला आणि असा दुसरा दौरा होण्याची शक्यताच संपली.

उतरणीची वर्षे

विल्स मेलबर्न क्रिकेट क्लबचा पगारी खेळाडू झाला. सभ्य गृहस्थाने खेळाचे पैसे घ्यायचे नसतात, या त्या काळच्या संकेतामुळे त्याच्या कामाला शिकवणी असे गोंडस नाव देण्यात आले. त्याची गोलंदाजी म्हणजे फेकी आहे, ही कुजबुज आता जाहीर टीकेत बदलली. टीका करणाऱ्यांत आघाडीवर होता हॅमर्सली. परेड हॉटेलात नियम लिहिताना शेजारी बसलेला मित्र आता क्रीडा पत्रकार म्हणून त्याच्यामागे लागला होता. १८७२ मध्ये फेकीसाठी विल्सला पंचांनी नोबॉल दिला आणि त्याची अव्वल दर्जाची गोलंदाजी जवळपास तिथेच संपली. १८७६ मध्ये व्हिक्टोरियाकडून एकदा शेवटचा प्रयत्न झाला, तोही फसला.

पुढे कर्जे वाढत गेली. एकामागून एक घरे बदलत तो सारा बार्बर या सहचारिणीसोबत मेलबर्नबाहेर हायडलबर्गला राहू लागला. तिच्याशी त्याचा विवाह झालेला नव्हता. मे १८८० च्या सुरुवातीला दारू अचानक तुटल्याने त्याला भ्रम होऊ लागले. त्याला मेलबर्नच्या रुग्णालयात नेण्यात आले, पण तिथून तो निसटून घरी आला आणि २ मे रोजी त्याने जीवन संपवले. वय ४४. त्याला हायडलबर्गच्या दफनभूमीत पुरले गेले, कबरीवर दगडही न बसवता. तो दगड मेलबर्न क्रिकेट क्लबने बसवला, १९८० मध्ये.

आत्महत्या हा तेव्हा कुटुंबाला लागलेला कलंक होता. या शंभर वर्षांत खेळाचा जनक म्हणून गौरव झाला तो टॉमचा चुलतभाऊ आणि मेहुणा एच. सी. ए. हॅरिसनचा. तो उत्तम धावपटू होता, १८६६ च्या नियमबदलांत त्याचा मोठा वाटा होता आणि नव्वदी पार करून सन्मानाने जगला. चेंडू घेऊन धावताना तो ठरावीक अंतरावर जमिनीवर आपटावा लागतो, हा नियम त्या बदलांतला. पण पहिले दहा नियम ठरले त्या बैठकीत हॅरिसन नव्हता.

मार्नग्रूकचा वाद काय?

व्हिक्टोरियाच्या पश्चिम भागातील मूलनिवासी पोसमच्या कातड्याच्या चेंडूने एक खेळ खेळत. मार्नग्रूक हे त्याचे एक नाव. चेंडू पायाने उंच उडवायचा आणि इतरांनी उड्या मारून तो झेलायचा. रॉबर्ट ब्रॉ स्मिथ यांच्या १८७८ च्या ग्रंथात अशा खेळाचे वर्णन आहे. आजच्या ऑस्ट्रेलियन फुटबॉलमधील उंच झेलाशी त्याचे साम्य पाहून, जाब वुरुंग मुलांत वाढलेल्या विल्सनेच हा दुवा आणला असावा, असा तर्क १९८० च्या दशकापासून मांडला जाऊ लागला.

२००८ मध्ये खेळाच्या दीडशे वर्षांनिमित्तच्या अधिकृत इतिहासग्रंथात जिलियन हिबिन्स यांनी हा तर्क आकर्षक पण निराधार ठरवला आणि वाद पेटला. त्यांच्या बाजूने पुरावे भक्कम आहेत. विल्सच्या एकाही पत्रात मार्नग्रूकचा उल्लेख नाही. दहाही नियमांचे मूळ इंग्लिश शाळांत दाखवता येते. उंच झेप घेऊन झेलण्याची पद्धत रूढ झाली तीही विल्स निवृत्त झाल्यावर. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे, की मूलनिवासींकडून काही घेतले हे त्या काळचा गोरा माणूस कागदावर लिहील, ही अपेक्षाच चुकीची. आज लीगमध्ये लोकसंख्येतील प्रमाणापेक्षा कितीतरी अधिक मूलनिवासी खेळाडू आहेत. त्यांच्यासाठी हा खेळ पाहुणा म्हणून आलेला की मुळात आपलाच, हा प्रश्न केवळ अभ्यासाचा राहत नाही. २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीगने मार्नग्रूकचा प्रभाव मान्य करणारी भूमिका घेतली. कागदी पुराव्यांत त्याने भर पडलेली नाही.

सूडात विल्सचा हात होता का?

२०२१ मध्ये शिकागो ट्रिब्यून या अमेरिकी वृत्तपत्राचा १८९५ मधला एक लेख नव्याने उजेडात आला. विल्सला ओळखत असल्याचे सांगणाऱ्या निनावी लेखकाने त्यात दावा केला आहे, की कलिन-ला-रिंगोनंतरच्या हत्याकांडात विल्स स्वतः सहभागी होता आणि त्याने ते आपल्याजवळ बोलूनही दाखवले होते. या लेखानंतर त्याच्या नावाची स्मारके आणि मेलबर्न क्रिकेट मैदानाबाहेरचा, शाळकरी सामन्याचा पंच म्हणून त्याला दाखवणारा पुतळा यांचे काय करायचे, अशी चर्चा सुरू झाली. काही अभ्यासकांना दावा विश्वासार्ह वाटतो, कारण विल्सची तेव्हाची मनःस्थिती पत्रांतून दिसतेच आणि त्या भागातले बहुतेक गोरे पुरुष त्या मोहिमांत होते. इतरांचा आक्षेप असा, की लेख घटनेनंतर ३४ वर्षांनी, दुसऱ्या खंडात, नाव न देता छापला गेला आणि त्यातील काही तपशील चुकीचे आहेत. विल्सच्या आजवर सापडलेल्या पत्रांत सूड घेण्याची मागणी आहे, पण आपण स्वतः बंदूक चालवली, अशी कबुली नाही.